ऑगस्टमध्ये किलॉर्गलिनला या

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "एवढ्याशा गावात येऊन आम्ही महिनाभर करायचं काय?" तेव्हा घाईत नीट सांगता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते. तुम्ही ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात इथे आयर्लंडला पोहोचा. १०, ११ आणि १२ ऑगस्टला आमच्या किलॉर्गलिनची जत्रा असते, पक फेअर. वार कुठलाही येवो, तारखा हलत नाहीत.

बाबा, तुमची उभी नोकरी जनावरांच्या दवाखान्यात गेली, म्हणून ही जत्रा तुम्हाला दाखवायचीच आहे. इथला राजा म्हणजे बोकड. डोंगरातून रानबोकड धरून आणतात, वाजतगाजत मिरवतात आणि शाळेत जाणारी गावातलीच एक मुलगी राणी होऊन त्याच्या राज्याभिषेकाला उभी राहते. मग चौकातल्या उंच मचाणावर त्याला चढवतात. मी पाहिलेला बोकड दाढी छातीपर्यंत लोंबणारा, शिंगं मागे पसरलेली. खाली बँडचा एवढा दणदणाट, पण हा आपला शांतपणे पाला ओरबाडत होता. आई, त्याला कापत नाहीत हो. जत्रा उठली की पुन्हा डोंगरात सोडतात.

एवढ्या उंचावर जनावराला त्रास होत नसेल का, हा बाबांचा पहिला प्रश्न असणार. इथेही तो विचारला जातो. २०२२ साली जत्रेच्या दिवसांत ऊन फार तापलं, तेव्हा त्याला खाली उतरवावं लागलं होतं. त्याला उंचावर ठेवूच नये, हे प्राणिप्रेमींचं म्हणणं मला पटतं. राजाला खाली सावलीत बसवलं तर त्याचा मान कुठे कमी होणार आहे? तुम्ही स्वतः बघा आणि मला सांगा.

जत्रेचं मूळ कुणालाच नक्की सांगता येत नाही. इंग्रज सेनापती क्रॉमवेलचं सैन्य येताना एक बोकड डोंगरातून धावत गावात आला, त्यामुळे लोक सावध झाले, अशी दंतकथा आहे. पण १६१३ सालच्या, इंग्लंडच्या राजाच्या सनदेत इथल्या ऑगस्टमधल्या जत्रेचा उल्लेख आहे, आणि क्रॉमवेल आयर्लंडमध्ये उतरला १६४९ ला. म्हणजे जत्रा गोष्टीहून जुनी. सुगीच्या तोंडावरचा एखादा प्राचीन सण असावा, असंही काही जण मानतात, आणि मला तेच जास्त संभवनीय वाटतं.

पहिल्या दिवशी घोड्यांचा बाजार भरतो. खरसुंडीच्या यात्रेत रुमालाखाली बोटं धरून खिलार बैलांचा सौदा चालायचा, तुम्ही मला खांद्यावर बसवून दाखवला होतात. इथे सगळं उघड्यावर. विकणारा मान हलवतो, घेणारा पाठ फिरवून चालू लागतो, तिसराच कुणीतरी त्याला दंडाला धरून परत आणतो आणि दोघांचे हात एकमेकांच्या हातात देतो. तळहातावर टाळी पडली की व्यवहार पक्का. मग विकणारा मिळालेल्या पैशांतले थोडे शुभ म्हणून घेणाऱ्याला परत देतो. ही रीत मला फार आवडली.

रात्री मात्र पब तीनपर्यंत उघडे असतात आणि पिणारे भरपूर पितात. आपण संध्याकाळची गाणीबजावणी ऐकून घरी परतू. ऑगस्टमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे घाई नाही.

जत्रेनंतर किलार्नीला जाऊ, गाडीने अर्ध्या तासावर आहे. तिथल्या राष्ट्रीय उद्यानात मकरॉसला जुन्या पद्धतीची शेती जपून ठेवली आहे. तिथे आमच्या केरी परगण्याच्या नावाच्या, केरी जातीच्या गाई आहेत: काळ्या, लहान चणीच्या, काटक, इथल्या मूळच्या. ग्लेनबे गावाच्या वाटेवर केरी बॉग पोनी दाखवीन. हे बुटके घोडे दलदलीतून पीट, म्हणजे जळणासाठी वापरायची माती, वाहून आणायचे. जात जवळजवळ संपली होती, काही लोकांनी चिकाटीने वाचवली. त्याच रस्त्याने पुढे रॉसबेचा लांबलचक वाळूचा किनारा लागतो. आईला पाण्यात पाय बुडवायचे असतील तर बुडवावेत, पण ऑगस्टातही पाणी गार असतं.

आई, तुला आवडेल असा सण खरं तर फेब्रुवारीतला. इथल्या संत ब्रिजिड या संतिणीच्या दिवसाला, १ फेब्रुवारीच्या सुमारास, गवताच्या उंच निमुळत्या टोप्यांनी तोंडं झाकून मंडळी वाजवत-नाचत दारोदार जातात. बरोबर ब्रिजिडची एक बाहुली असते. घरात सुखसमृद्धी नांदो म्हणून येतात आणि घरचेही त्यांना काहीतरी देतात. तेव्हाची थंडी बाबांना सोसणार नाही, म्हणून या खेपेला ऑगस्टच बरा.

आयर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात नाही, त्यामुळे व्हिसा वेगळा काढावा लागतो. पासपोर्टची मुदत आत्ताच बघून ठेवा आणि पहिल्या व शेवटच्या पानाचे फोटो मला पाठवा, अर्ज मी भरते. डब्लिनला मी घ्यायला येईन, तिथून किलार्नीपर्यंत रेल्वे आहे. आईच्या गुडघ्याबद्दल डॉक्टर काय म्हणाले तेही कळवा. जिना चढायचा नसेल तर मी खालच्या खोलीत तुमची सोय करते.

तुमची लेक