परीकथेत रूप कोणाचे बदलते?

महोदय,

परीकथांच्या स्त्रीवादी पुनर्कथनांवर आपल्या रविवार पुरवणीत आलेल्या लेखाचा एकंदर सूर असा होता, की या लेखिका सुंदर नायिकांच्या लांडगिणी-वाघिणी करतात आणि मुलांच्या निर्मळ कथांमध्ये विद्रूपता आणून भरतात. मूळ कथा निर्मळ होत्या, हेच मुळात मान्य करणे कठीण आहे.

‘ब्यूटी अँड द बीस्ट’चेच पाहा. फ्रान्समध्ये 1740 साली मादाम द व्हिलनव्ह यांनी ती विस्ताराने लिहिली. पण आज सर्वांना ठाऊक असलेले तिचे आटोपशीर रूप 1756 सालचे आहे, आणि ते इंग्लंडमध्ये गव्हर्नेस (घरी राहून मुलांना शिकवणारी शिक्षिका) म्हणून काम करणाऱ्या मादाम लप्रँस द बोमाँ यांनी मुलींच्या शिक्षणासाठी केलेल्या पुस्तकात येते. शेवटी पशूचा राजपुत्र होतो, हे सर्वांना आठवते. नायिकेच्या मत्सरी बहिणींचे काय होते, ते मात्र सहसा कोणी सांगत नाही. परी त्यांचे दगडी पुतळे करून त्यांना बहिणीच्याच महालाच्या दाराशी उभे करते आणि दगडाच्या आत त्यांचे भान शाबूत ठेवते, म्हणजे आपले दोष कबूल करीपर्यंत बहिणीचे सुख त्यांना पाहत राहावे लागेल. पुरुषाचे विद्रूप शरीर हा शाप, म्हणून तो उतरतो. बायकांचे दगड होणे ही मात्र रास्त शिक्षा, आणि तीही मुलींच्या पाठ्यपुस्तकात!

इंग्रज लेखिका अँजेला कार्टर यांच्या ‘द ब्लडी चेंबर’ (1979) या परीकथांच्या पुनर्कथनांच्या संग्रहाला लेखात ओझरता टोला आहे. त्याच संग्रहात ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ची दोन पुनर्कथने पाठोपाठ येतात, आणि पहिल्यात जुन्या रीतीप्रमाणे सिंहाचाच माणूस होतो, याचा उल्लेख लेखात नाही. दुसऱ्या कथेत बाप मुलीला पत्त्यांच्या डावात हरतो. जिंकणारा ‘बीस्ट’ हा वाघ आहे. तो पुरुषाचा सुबक चेहरा रंगवलेला मुखवटा घालून वावरतो. मुलीच्या दिमतीला किल्लीवर चालणारी एक यांत्रिक दासी दिलेली असते, हातात आरसा आणि पावडर घेतलेली. कथेच्या अखेरीस नायिका स्वतःऐवजी या बाहुलीलाच बापाकडे मुलीची भूमिका वठवायला पाठवायचे ठरवते आणि वाघाच्या खोलीत जाते. त्याच्या खरखरीत जिभेखाली तिची कातडी थरामागून थर निघत जाते आणि खालून चकाकती लव दिसू लागते. इथे शाप नाही आणि शिक्षाही नाही. बापाने डावावर लावलेले शरीर ती आपल्या मर्जीने टाकून देते. याला विद्रूपीकरण म्हणायचे, तर आधीचे कोणते रूप तिचे स्वतःचे होते?

रूपांतर झाले की मुक्ती मिळालीच, असेही कार्टर कुठे म्हणत नाहीत. ‘लिटल रेड रायडिंग हूड’वर बेतलेल्या त्यांच्या ‘द वेअरवुल्फ’ (लांडग्याचे रूप घेणारा माणूस) या अवघ्या काही पानांच्या कथेत नात लांडग्याचा पंजा छाटते, तो आजीचा हात निघतो, शेजारी म्हातारीला दगडांनी ठेचून मारतात आणि नात तिच्या घरात सुखाने राहू लागते. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईला चेटकीण ठरवले की घर कोणाच्या नावावर होते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही कथा समजावून सांगावी लागणार नाही. जुन्या कथेचा साचा तसाच ठेवून स्त्रीची सुटका होत नाही, हा समीक्षक पॅट्रिशिया डंकर यांचा 1984 मधील आक्षेप विचारात घेण्याजोगा आहेच. लेखकाने तो मांडला असता, तर वाद नेमक्या जागी आला असता.

माझी स्वतःची तक्रार वेगळ्याच बाजूची आहे. अलीकडची कित्येक पुनर्कथने विद्रूपतेला घाबरतात. ‘मॅलेफिसंट’ (2014) या चित्रपटात ‘स्लीपिंग ब्यूटी’तल्या शाप देणाऱ्या परीचे पंख विश्वासातल्या पुरुषाने कापून नेल्यामुळे ती दुष्ट झाली, असे कारण दिले आहे आणि ते पटतेही. पण चेहरा अँजेलिना जोलीचा, शिंगेसुद्धा शोभून दिसणारी. त्यामानाने ‘श्रेक’ या अ‍ॅनिमेशनपटाने (2001) खऱ्या प्रेमाच्या चुंबनानंतर राजकन्येला कायमची हिरवी, स्थूल राक्षसीण ठेवण्याचे धैर्य तरी दाखवले.

राहिला मुलांचा प्रश्न. कार्टर यांचा संग्रह मुलांसाठी नाहीच. तो बालसाहित्याच्या मापाने मोजण्याऐवजी आपल्या पुरवणीने त्याच्यावर, प्रौढांसाठीच्या कथासंग्रहावर लिहावे तसे, स्वतंत्र परीक्षण छापावे, ही विनंती.

आपली,
एक वाचक, सातारा