मिसळ हरल्याबद्दल

पिट्सबर्ग, 11 नोव्हेंबर 2024

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

आई, फराळाचा डबा दिवाळी उलटून गेल्यावर पोचला. चकल्यांचा पार चुरा झालाय, तो दह्यात कालवून संपवतेय. अनारसे मात्र अख्खे.

बाबा, तुमचं "तूच म्हणाली होतीस ना, कमलाच येणार म्हणून?" अजून कानात आहे. हो, अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत ट्रम्प यांच्याविरुद्ध कमला हॅरिस जिंकतील असं मीच म्हणाले. माझ्याच भरवशावर तुम्ही कट्ट्यावर मास्तरांशी मिसळीची पैज लावलीत. आणि आई सांगत होती की बुधवारी सकाळी साडेसहाला टीव्हीसमोर बसलात ते दुपारी चारला विस्कॉन्सिन राज्याचं ठरून ट्रम्प यांचा आकडा जिंकायला लागणाऱ्या 270 च्या पुढे गेला तेव्हाच उठलात. बीपीची गोळीही राहिली. तेही माझ्याच खात्यावर मांडा.

झालं असं. शनिवारी, 2 तारखेला, आयोवाची जनमत चाचणी आली. ती घेणाऱ्या ॲन सेल्झर यांच्या शब्दाला इथे फार वजन होतं. त्यांनी हॅरिस 3 टक्क्यांनी पुढे दाखवल्या. आयोवा ट्रम्प यांचं दोनदा जिंकलेलं राज्य. तेच हातचं जात असेल तर आमच्या पेनसिल्व्हेनियाचं काय विचारता! मग संध्याकाळी फिरायला गेले आणि गल्लीतल्या अंगणांतल्या पाट्या मोजल्या. हॅरिस अकरा, ट्रम्प चार. घरी येऊन तुम्हाला फोन.

आयोवा ट्रम्प यांनी 13 टक्क्यांनी जिंकलं. आणि माझ्या गल्लीचं म्हणाल तर इथे राहतात कोण? विद्यापीठातले मास्तर आणि इस्पितळातले डॉक्टर. गाडीने तासभर बाहेर गेलं की पाट्यांचा रंग पालटतो, तिकडे मी महिनाभर फिरकलेच नव्हते.

म्हणजे 1936 साली एका मोठ्या साप्ताहिकाने केलं तेच मी केलं. त्यांनी जवळजवळ एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या, तेवीस लाखांहून जास्त परत आल्या, आणि त्यांनी छापलं की अध्यक्षपदाला रूझवेल्टविरुद्ध लँडन जिंकणार. रूझवेल्टनी 48 पैकी 46 राज्यं घेतली! पत्ते काढले होते टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांमधून, तेही मंदीच्या दिवसांत. ज्याच्या घरी फोन नाही त्याला कुणी विचारलंच नाही. आता फोन सगळ्यांकडे आहे, पण अनोळखी नंबर उचलतो कोण? मी तरी नाही उचलत. जे थोडे बोलतात त्यांच्यावरून बाकीच्यांचा हिशेब जुळवायचा. 2016 ला बऱ्याच राज्यांतल्या चाचण्यांनी शिक्षणाचा हिशेबच धरला नव्हता. शिकलेले लोक जास्त बोलले आणि तेच खरं धरलं गेलं.

तुम्ही विचारलंत, "सातही राज्यं अटीतटीची होती, मग सगळी एकाच्याच पदरात कशी?" हाच तर खरा घोळ. पेनसिल्व्हेनियात अंदाज ज्या बाजूला चुकतो, त्याच बाजूला मिशिगनमध्येही चुकतो, कारण न बोलणारा माणूस दोन्हीकडे सारखाच. आमच्या राज्यात फरक शंभरात जेमतेम दोन मतांचा, पण इथली 19 च्या 19 इलेक्टोरल मतं, म्हणजे अध्यक्ष ठरवणारी राज्याच्या वाट्याची मतं, एकालाच. असं सातही ठिकाणी झालं आणि आकडा 312 वर गेला.

आणि 2016 ला अंदाज बांधणाऱ्या एका संकेतस्थळाने ट्रम्प यांना शंभरात 29 संधी दिली होती, तर "अंदाज साफ फसला" असं तुम्ही अजून म्हणता. आई लुडोत सहा पाडते ती संधी शंभरात सोळा-सतराच असते. तेव्हा कधी म्हणालात का की फासा फसला?

मजा म्हणजे मला इथे मतच नाही. तरी निवडणूक होईपर्यंत पत्रपेटी रोज प्रचाराच्या चकचकीत कार्डांनी भरायची. त्यावर मी किराण्याच्या याद्या लिहितेय.

तुमच्या इथल्या 20 तारखेच्या विधानसभेच्या मतदानाचं मला विचारू नका, तुम्हीच मला सांगा. आईला सकाळी लवकर घेऊन जा. उन्हात रांग वाढली की तिचा गुडघा बोलायला लागतो. केंद्रावर खुर्ची मागून घ्या, लाजू नका.

मास्तरांना मिसळ खाऊ घाला, पैसे मी पाठवते. तुमच्या ताटलीत तर्री नको. मास्तरांना लक्ष ठेवायला सांगितलंय.

तुमची,
धाकटी