भाजलेल्या मातीतली नऊवारी

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वस्त्रांवरून सुचलेली सिरॅमिक, म्हणजे भाजलेल्या मातीची, शिल्पे प्रदर्शनात पाहताना "अगदी खरे कापड वाटते" एवढीच दाद बहुतेकांच्या तोंडून येते. ती मला अपुरी वाटते. बडोद्यातील मराठी मंडळींनी या कलेकडून याहून अधिक मागावे, हे सुचवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

हुबेहूबपणाचे कसब लहान नाही. जर्मनीतील माइसेनसारख्या कारखान्यांत खरी लेस पोर्सेलिनच्या (चिनी मातीच्या) पातळ घोळात बुडवून भाजत. भट्टीत सूत जळून जाई आणि त्याच्या जागी मातीची जाळी उरे. कॅनडात जन्मलेल्या मेरिलिन लेव्हीन (1935–2005) या शिल्पकार स्त्रीने स्टोनवेअरमध्ये, म्हणजे कडक भाजलेल्या टणक मातीत, घडवलेली चामडी जाकिटे आणि पिशव्या पाहून डोळे फसतात. तरीही ती कामे मनात राहतात ती झिजलेल्या कडा आणि पडलेल्या सुरकुत्यांमुळे, कारण ती वस्तू कोणीतरी वापरली आहे, हे त्यांतून कळते.

आपल्या नऊवारीच्या बाबतीत नेमके हेच महत्त्वाचे आहे. शालू पेटीत जपता येतो. नेसण मात्र घडी घालून ठेवता येत नाही, आणि रोज नऊवारी नेसणाऱ्या स्त्रियांची पिढी आता सरत चालली आहे. महाराजा फत्तेसिंग संग्रहालयात राजा रविवर्मा यांची चित्रे आहेत, पण चित्रात वस्त्राची एकच बाजू दिसते. मागे खोचलेला काष्टा, त्यामुळे पोटरीवर येणारा ताण, मांडी घालून बसताच बदलणारी निऱ्यांची ठेवण हे सारे समजायला भोवती फिरता यावे लागते, म्हणजे शिल्पच हवे. ते मातीत असावे असे मी म्हणतो, कारण ओली माती बोटाचा दाब आणि कापडाचा पोत थेट उचलते आणि भाजल्यावर तो शतकानुशतके टिकवते. शामळाजीजवळच्या देवनी मोरी येथे 1960 ते 1963 या काळात आपल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या उत्खननात मिळालेल्या भाजक्या मातीच्या बुद्धमूर्तींवर चीवराच्या (भिक्षूच्या वस्त्राच्या) चुण्या आजही स्पष्ट दिसतात.

काम सोपे नाही. पोळीसारखी लाटलेली माती नेमक्या ओलीवर दुमडावी लागते: अधिक ओली असली तर ती बसते, वाळली तर चिरते, आणि जाड निरीत अडकलेली ओल भट्टीत तिला फोडू शकते. शिवाय वाळताना व भाजताना माती साधारण एक दशांश आक्रसते, त्यामुळे पदराचा झोक आधीच अजमावून ठेवावा लागतो. परंतु हे ज्ञान या शहरात आहे. ज्योत्स्ना भट्ट (1940–2020) यांनी याच विद्यापीठाच्या ललित कला विद्याशाखेत दीर्घकाळ सिरॅमिक्स शिकवले, आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेले कलावंत आज काम करत आहेत.

म्हणून माझी विनंती अशी की, येथील मराठी संस्थांनी नऊवारी नेसणाऱ्या ज्येष्ठ स्त्रियांची आणि सिरॅमिक्सच्या विद्यार्थ्यांची गाठ घालून द्यावी. विद्यार्थ्यांनी त्यांना नेसताना, बसताना, उठताना पाहावे. चुकीच्या जागी पडलेली निरी दाखवून देण्याचा अधिकार त्या स्त्रियांना असावा. आणि घडलेली शिल्पे भिंतीलगत न ठेवता दालनाच्या मध्यभागी मांडावीत, म्हणजे काष्ट्याची बाजूही पाहता येईल. आपल्या वृत्तपत्राने यासाठी वाचकांना आवाहन केल्यास जुन्या वाड्यांतून आणि पोळांतून (जुन्या गल्लीवस्त्यांतून) प्रतिसाद नक्की येईल.

आपला नम्र,
एक वाचक, बडोदे