परदेशी भाषेचा फायदा मला मराठीच्या तासाला दिसला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळेत परदेशी भाषा कशाला, या प्रश्नाला ठरलेली दोन उत्तरं मिळतात: पुढे नोकरीला उपयोगी पडते आणि परीक्षेत गुण भरपूर पडतात. दोन्ही खरी आहेत. पण मी आयुष्यभर मराठी व्याकरण शिकवलं आणि या भाषांचा खरा फायदा मला माझ्याच तासाला दिसला.

लिंगविचाराचा धडा मुलं मुकाट पाठ करतात. तो दगड, ती भिंत, ते झाड. का, असं कुणी विचारत नाही. जर्मन शिकू लागलेल्या एका मुलीने मात्र विचारलं, "बाई, त्यांच्याकडे मुलगी नपुंसकलिंगी कशी?" शोधलं तेव्हा कळलं, की 'मेडशेन' या शब्दातला 'शेन' हा लहानपण दाखवणारा प्रत्यय आहे आणि तो लागला की जर्मन नाम नपुंसकलिंगी होतं. मग वर्गाला आपलं 'पोरगं' आठवलं, कोकणीतलं 'तें चेडूं' आठवलं. त्या दिवशी धडा पुढे सरकलाच नाही, आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटलं नाही.

अशा गाठी पुढे पडतच गेल्या. जर्मनमध्ये २१ म्हणजे 'एक आणि वीस', म्हणजे आपलं एकवीसच. फ्रेंचमध्ये ८० म्हणजे 'चार वीस'. विसांनी मोजणारी जुनी माणसं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे नवं वाटणार नाही. जपानी हिरागाना लिपीचा तक्ता अ, इ, उ, ए, ओ असा सुरू होतो आणि पुढे का, सा, ता, ना असा चालतो. बौद्ध धर्माबरोबर तिकडे पोहोचलेल्या आपल्या वर्णमालेचीच ती खूण. वाक्यातलं क्रियापदही आपल्यासारखं शेवटी. परक्या भाषेने मातृभाषा मागे पडते म्हणणाऱ्यांनी असा एखादा तास बघावा.

मोबाइल भाषांतर करून देतो, मग शिकायचं कशाला, असंही हल्ली ऐकू येतं. देतो खरा. पण समोरच्याला जर्मनमध्ये 'दू' म्हणायचं की 'झी', हे नातं बघून ठरतं. 'अरे' आणि 'अहो' यांतला फरक ज्याला कळतो, त्याला हे वेगळं सांगायला नको.

आणखी एक. नेहमी पहिला येणारा मुलगा इथे सगळ्यांसारखाच अडखळतो. त्यालाही ते बरं असतं.

तक्रार आहे ती शिकवण्याच्या पद्धतीबद्दल. निबंध पाठ, पत्र पाठ, रिकाम्या जागाही पाठ. पेपरात पैकीच्या पैकी मिळवणाऱ्या मुलाला त्या भाषेत स्वतःबद्दल चार वाक्यं बोलता येत नाहीत, कारण कुणी त्याला बोलायला लावलेलंच नसतं. तोंडी परीक्षेला लेखीइतकेच गुण ठेवावेत आणि तिचे प्रश्न आधी वाटू नयेत, एवढं तरी शाळांना सहज करता येईल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका