सीडी गेली म्हणून फेकू नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आमचे दादा (वडलांना आम्ही दादाच म्हणायचो) जाऊन यंदा चार वर्षं झाली. इथं गंगाखेडला भजनात ते जनाबाईचे अभंग म्हणायचे, त्याची घरात एक कॅसेट होती अन् २००७ साली ती आम्ही सीडीवर करून घेतली होती. श्राद्धाच्या दिवशी दादांचा आवाज घरात लावावा म्हणून लॅपटॉपमधी सीडी टाकली तर नुसतं खर्र खर्र करायलं अन् पुन्हा डिस्क टाका म्हणायलं. दुकानात घेऊन गेलतो, तिथं दोन मिनिटात सांगितलं की सीडी गेली, फेकून द्या. लई लागलं मनाला. असं ऐकून किती जणांनी घरातल्या माणसाचा आवाज कचऱ्यात टाकला असंल, म्हणून हे पत्र लिहायलोय.

दुकानदाराचं म्हणणं असं की ड्राईव्हमधी (लॅपटॉपचा सीडी वाचायचा भाग) डीव्हीडी चांगली चालायली म्हणजे ड्राईव्ह ठीक आहे, मग दोष सीडीचाच. पण तसं नसतं. डीव्हीडी वाचायला ६५० नॅनोमीटरचा लाल लेझर लागतो अन् सीडीला ७८० नॅनोमीटरचा, डोळ्याला न दिसणारा, अन् बहुतेक ड्राईव्हमधी हे दोन वेगळे लेझर असतात, त्यामुळं एक धडधाकट अन् दुसरा कमजोर असं होऊ शकतं. मी घरी येऊन विकतची एक चांगली ऑडिओ सीडी टाकून बघितली, ती पण चालंना. म्हणजे दादांच्या सीडीवर आळ घ्यायचं काही कारणच नव्हतं.

आमच्याकडं उन्हाळ्यात दारं खिडक्या कितीबी लावा धूळ येतीच. लॅपटॉप बंद करून ट्रे पूर्ण बाहेर ओढला तर त्याच्यावरच मसुरीच्या दाण्याएवढं भिंग दिसतं, माझ्या भिंगावर पिवळट थर बसलेला होता. कान साफ करायची कापसाची काडी घेतली, त्याला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब, अन् अगदी हलक्या हातानं पुसलं कारण ते भिंग बारीक तारांवर तरंगत असतं, दाबलं की संपलं. वाळू दिलं, सीडी टाकली, अन् ट्रॅक दिसले! सीडी पुसताना पण मधून बाहेरच्या कडेकडं सरळ पुसायची, गोल गोल नाही, गाणं डिस्कवर गोल रेघेत साठवलेलं असतं, गोल ओरखडा त्या रेघेवरच पडतो अन् तो ड्राईव्हला भरून काढता येत नाही. जुना डेस्कटॉप असंल अन् सीडी फिरायली, मिनिटं पुढं सरकायली पण आवाज नाही, तर ड्राईव्हपासून साऊंड कार्डाला (कॉम्प्युटरमधला आवाज काढणारा भाग) जाणारी बारीक वायर निघालीय का ते आधी बघा.

आता खरी धोक्याची गोष्ट. माझ्या पुतण्यानं सगळे ट्रॅक पेनड्राईव्हवर ओढून टाकले अन् म्हणला काका झालं, आता सीडीचं काम नाही. बघितलं तर एकेक फाईल फक्त ४४ बाईटची! सीडीए नावाच्या त्या फाईलीत गाणं नसतंच, गाणं डिस्कवर कुठून सुरू होतं तेवढा पत्ता असतो. त्या भरवशावर सीडी टाकून दिली असती तर दादा कायमचे गेले असते. गाणं खरं उतरवायचं तर विंडोज मीडिया प्लेयरमधलं रिप (सीडीवरचा आवाज फाईलीत उतरवायची सोय) वापरा, त्यात एरर करेक्शन, म्हणजे वाचताना झालेली चूक सुधारायची सोय, चालू करा अन् फाईल डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता ठेवणारा प्रकार) ठेवा. एका मिनिटाला साधारण १० एमबी झाली तरच समजा आवाज आत आला.

घरी राईट केलेल्या सीडीत रंगाचा थर असतो, ऊन अन् उष्णतेनं तो मरतो. आपल्याकडं पत्र्याच्या घरात माळ्यावर ट्रंकेत ठेवलेल्या सीडी कितीतरी असतील, त्या पुढच्या उन्हाळ्याच्या आत उतरवून घ्या. बहुतेक नव्या लॅपटॉपला तर सीडी ड्राईव्हच येत नाही, म्हणून माझी विनंती अशी की तालुक्याच्या वाचनालयांनी यूएसबीला बाहेरून जोडायचा एक चांगला सीडी ड्राईव्ह घेऊन ठेवावा, लोक येतील अन् आपापले आवाज घेऊन जातील. तुम्ही हे छापलं तर वाचनालयाच्या मंडळींपर्यंत जाईल.

आमचे १४ ट्रॅक उतरले. अकराव्यात मधीच खरखर आहे, ती काही गेली नाही, पण तिच्या मागं आईचा टाळ ऐकू येतोय.

आपला एक वाचक,
गंगाखेड, जि. परभणी