आल्कांतारा नेमका कुणाचा?

मा. संपादक,
स. न.

आपल्या रविवारच्या क्रीडापानावर बार्सिलोना फुटबॉल क्लबच्या गोलवीरांवरचा लेख वाचला. कुबालापासून मेस्सीपर्यंत बरेच जण त्यात भेटले, पण शंभर वर्षांपूर्वीचा, फिलिपिन्समधल्या इलोइलोत जन्मलेला पावलिनो आल्कांतारा राहून गेला. तक्रार नाही. त्याचा त्याच्या गावालाही विसर पडलेला मी पाहिला आहे, म्हणून लिहितो.

माझी नोकरी बोटीवरची, इंजिनरूममधली. तिथे फिलिपिनो सोबती असणारच, आणि त्यातले बरेच पनाय बेटावरच्या इलोइलोकडचे. मालाच्या रिकाम्या होल्डमध्ये लोखंडी कडं वेल्ड करून त्यांचा बास्केटबॉल रंगायचा. फुटबॉल खेळताना एकजण दिसला तर शपथ. मार्च २०१४ मध्ये मेस्सीने ओसासुनाविरुद्ध तीन गोल करून आल्कांताराचा बार्सिलोनासाठी सर्वाधिक, ३६९ गोलांचा विक्रम मोडला. मेसमध्ये ती बातमी चालू असताना मी आमच्या इलोइलोच्या ऑइलरला (इंजिनाचं तेलपाणी बघणाऱ्या खलाशाला) म्हटलं, "अरे, हा तुमच्याकडचा ना?" त्याने नाव दोनदा उच्चारून पाहिलं आणि म्हणाला, "स्पॅनिश असेल, सर."

अर्धा होताच. बाप स्पॅनिश लष्करी अधिकारी, आई इलोइलोची. जन्म तिथलाच, १८९६ चा. २५ फेब्रुवारी १९१२ रोजी, वय पंधरा वर्षं चार महिने, तो बार्सिलोनाकडून पहिला सामना खेळला. सामना ९-० असा जिंकला, त्यातले तीन गोल याचे. आजचा लामिन यामालही पंधराव्या वर्षी मैदानात उतरला खरा, पण बार्सिलोनासाठी पहिला गोल व्हायला सोळावं उजाडलं. (३६९ मध्ये मैत्रीपूर्ण सामन्यांतले गोलही धरलेले आहेत, हेही सांगायला हवं.)

१९१६ मध्ये आईवडिलांबरोबर तो मायदेशी परतला आणि वैद्यकीय शिक्षण घेऊ लागला. पुढच्याच वर्षी टोकियोतल्या फार ईस्टर्न या आशियाई देशांच्या क्रीडास्पर्धेत फिलिपिन्सने जपानला १५-२ असं लोळवलं, त्या संघात तो होता. जपानचा संघ विद्यार्थ्यांचा होता हे मान्य, तरी पंधरा म्हणजे पंधरा! मग मलेरिया झाला. बार्सिलोनाला परत पाठवत नसाल तर औषध घेणार नाही, असा हट्ट त्याने धरला म्हणतात. खरंखोटं देव जाणे, पण १९१८ मध्ये तो परत गेला हे नक्की.

मला सर्वांत भावतं ते १९२० चं. अँटवर्प ऑलिंपिकला स्पेनच्या संघाबरोबर जायची संधी असताना हा गडी वैद्यकीच्या परीक्षेसाठी मागे राहिला. संघ रौप्यपदक घेऊन आला. पुढच्या वर्षी बिल्बाओत बेल्जियमविरुद्ध तो स्पेनकडून पहिला सामना खेळला आणि स्पेनचे दोन्ही गोल त्याचेच. १९२२ मध्ये बोर्दोत फ्रान्सविरुद्ध मारलेल्या फटक्याने जाळीच फाटली, तेव्हापासून 'जाळीफाड्या' हे नाव चिकटलं. १९२७ मध्ये, ऐन तिशीत, बूट उतरवले आणि डॉक्टरकी धरली. पुढे स्पेनच्या यादवी युद्धात तो हुकूमशहा फ्रँकोच्या बाजूने गेला, त्यामुळे त्याला देव्हाऱ्यात बसवा असं मी म्हणणार नाही.

पण आजच्या फिलिपिनो खेळाडूंना हाच माणूस उपयोगी पडेल असं मला वाटतं. त्यांच्या संघात जर्मनीत, इंग्लंडमध्ये, अमेरिकेत वाढलेली मुलं पुष्कळ. "हे खरे फिलिपिनो का?" हा टोमणा त्यांच्या पाचवीला पुजलेला. २५ जुलै २०२३ ला वेलिंग्टनमध्ये यजमान न्यूझीलंडला विश्वचषकात १-० असं हरवलं ते फिलिपिन्सच्या महिलांनी, आणि तो गोल हेडरने करणारी सरीना बोल्डन कॅलिफोर्नियात वाढलेली. या पोरीला कुणी असं विचारलंच, तर तिने इलोइलोच्या त्या अर्ध्या स्पॅनिश मुलाकडे बोट दाखवावं. दोन्हीकडचा होता आणि दोन्ही देशांकडून खेळला. त्यांच्या लीगच्या चषकाला २०१८ मध्ये त्याचं नाव दिलं गेलं, हे एक बरं झालं.

खेळताना त्याच्या कमरेला पांढरा रुमाल खोचलेला असे. तसा फोटो आपल्या संग्रहात असेल तर एखाद्या रविवारी जरूर छापा. आमचा ऑइलर आता सुट्टीवर घरीच आहे, त्याला व्हॉट्सॲपवर पाठवतो.

आपला,
एक निवृत्त मरीन इंजिनीअर, रत्नागिरी