उबेदाहून, तुझ्या आजोबांची आठवण काढत

प्रिय सुध्या,

फोनवर बोलायला गेलो तर पाच मिनिटांत "ठीक आहे, आल्यावर बोलू" होतं म्हणून हे सगळं लिहून काढतोय, मोठं होणार आहे, रविवारी निवांत वाच. ऑफिसचं काम संपल्यावर तीन दिवस हातात होते, बाकीचे सगळे बार्सिलोनाला गेले आणि मी ग्रॅनाडावरून बस पकडून उबेदाला आलो. दक्षिण स्पेनच्या हाएन जिल्ह्यातलं, टेकडीवरचं छोटं गाव. पण पंधराव्या-सोळाव्या शतकात इटलीत जी घरं, चर्चं, चौक बांधायची नवी रीत आली, ती इथे अशी उतरलीय की शेजारच्या बाएसाबरोबर हे गाव २००३ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. बाएसा नऊ किलोमीटरवर, तिथेही अर्धा दिवस जाऊन आलो पण ते नंतर कधीतरी.

बसमधून जे दिसतं ते आधी सांगतो. ऑलिव्ह. तू नाशिककडची द्राक्षं बघितलीस ना, तसं ओळीत लावलेलं, पण ते संपतच नाही रे, टेकडी चढते उतरते तरी ओळी सरळच, लाल-पांढरट मातीवर हिरवे-राखाडी ठिपके. या एका जिल्ह्यात सहा कोटींच्या वर झाडं आहेत म्हणतात. गावाच्या कडेला तटावर रस्ता आहे तिथून संध्याकाळी खाली ग्वादलकिवीर नदीचं खोरं आणि पलीकडे सिएरा माहिना डोंगर दिसतो, मी तिथे दोन्ही संध्याकाळी जाऊन नुसता बसलो.

आता मुद्द्याचं. पत्र तुलाच का लिहितोय ते.

इथला मुख्य चौक वास्केस दे मोलीना. एका टोकाला एल साल्वादोर चॅपेल, बाजूला डीन ओर्तेगाचा वाडा (आता तिथे सरकारी हॉटेल आहे, १९३० पासून), समोर सांता मारिया चर्च आणि साखळ्यांचा वाडा, ज्यात आज नगरपालिका भरते. सगळं मधासारख्या पिवळट दगडात, ऊन कललं की भिंती आतून पेटल्यासारख्या दिसतात. आपला काळा फत्तर ऊन गिळतो, हा दगड ते परत देतो असं वाटलं मला.

हे सगळं कुणाच्या पैशातून तर फ्रान्सिस्को दे लोस कोबोस म्हणून एक माणूस, याच गावचा, साधारण घरातला, चढत चढत सम्राट पाचव्या चार्ल्सचा सचिव झाला. त्याचा पुतण्या वास्केस दे मोलीना पुढे सम्राटाचा आणि त्याच्या मुलाचा, दुसऱ्या फिलिपचाही सचिव, साखळ्यांचा वाडा त्याचाच. पैसा दरबारातून आला, आणि अमेरिकेतून लुटून आणलेलं सोनं वितळवून त्यावर शिक्का मारायचा हक्क कोबोसकडे होता त्यातूनही आला. हे कळल्यावर मला त्या चौकात थोडं जड वाटलं खरं, इतक्या सुंदर भिंतीमागे कुठल्या माणसांचा घाम आणि रक्त आहे ते डोक्यातून जाईना. साल्वादोर त्याने स्वतःच्या समाधीसाठी बांधायला घेतलं १५३६ साली, तो वारला १५४७ ला, आणि चर्च पुरं झालं १५५९ ला. म्हणजे पुरं झालेलं त्याने पाहिलंच नाही.

पण माझा माणूस तो नाही. माझा माणूस आंद्रेस दे वांदेलविरा. चॅपेलचा आराखडा दिएगो दे सिलोए नावाच्या मोठ्या वास्तुकाराचा, पण दगड उभे केले वांदेलविराने, आणि नंतर गावभर त्याचंच काम. हा दगडकामातून वर आलेला माणूस होता रे. चॅपेलमधून मागच्या खोलीत जायला एक दार आहे, पुजाऱ्यांचे कपडे-भांडी ठेवायची ती खोली, ते दार भिंतीत नाहीये, दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यात आहे! कमान अर्धी या भिंतीत, अर्धी त्या भिंतीत, मधोमध काटकोनात वळलेली. आता तूच सांग, कमानीतला प्रत्येक दगड शेजारच्या दगडावर भार टाकतो, मग वळणावरचा दगड कसा घडवला असेल, दोन्हीकडचा भार त्याने घ्यायचा आणि तोल जाऊ द्यायचा नाही. मी पाऊण तास तिथे उभा होतो, गार्ड दोनदा बघून गेला.

आणि मला तुझे आजोबा आठवले. ओसरीवर बसून पाट्याला टाकी लावायचे, आपण दोघं शेजारी, डोळ्यात चूर जायची म्हणून हाकलायचे. दगडाला आधी हात लावून बघायचे, मग एक बारीक ठोका देऊन कान द्यायचे, "आतून फुटका आहे हा" म्हणायचे आणि तो तसाच निघायचा. वांदेलविराचा मुलगा आलोन्सो, त्याने पुढे दगड कसे कापायचे याच्यावर आकृत्यांसकट अख्खं हस्तलिखित लिहिलं. मला तेच लागलं बघ. आजोबांचं काहीच लिहिलं गेलं नाही. त्यांच्या हातात जे होतं ते कुणी विचारलंच नाही, आपणही नाही.

अजून एक ऐक. याच चॅपेलमध्ये लहान सेंट जॉनचा संगमरवरी पुतळा होता, मायकेलअँजेलोच्या तरुणपणीचं काम मानतात. १९३६ मध्ये यादवी युद्ध सुरू झालं तेव्हा फोडला. हाताशी चौदा तुकडे राहिले. ते फ्लॉरेन्सला नेऊन किती वर्षं खपून जोडले आणि २०१५ मध्ये पुतळा परत आला. वेदीमागची बेरुगेते नावाच्या शिल्पकाराची लाकडी शिल्पंही त्याच वेळी गेली, त्यातला येशू वाचला.

गावाच्या दुसऱ्या टोकाला सांतियागो हॉस्पिटल, तेही वांदेलविराचं, आता तिथे कार्यक्रम होतात. बांधायला सुरुवात १५६२. तुझ्या लक्षात येतंय का, जुन्या गोव्याचं से कॅथेड्रलही १५६२ लाच सुरू झालं! आपण दोघं तिथे पावसात भिजत उभे होतो आणि तू म्हणालास जांभ्यावर चुना चढवून युरोप केलाय. इथे तो युरोप बिनचुन्याचा, उघड्या दगडात आहे.

जेवायला आंद्राहोस म्हणून एक प्रकार मिळाला, कणकेचे चपटे तुकडे रश्श्यात शिजवलेले, अगदी चकोल्याच रे, डाळीऐवजी मासा घातलेला. आईला सांगितलं तर तिला खरं वाटेना. कुंभारांच्या गल्लीतून तुमच्या घरासाठी हिरव्या झिलईचं एक लहान भांडं घेतलंय, फुटणार नाही असं गुंडाळलंय.

स्पॅनिशमध्ये कुणी विषय सोडून भलतीकडे गेला की "उबेदाच्या टेकड्यांवर गेला" म्हणतात. मी तिथेच बसून लिहिलंय हे, त्यामुळे चालवून घे.

कोपऱ्यातल्या दाराचे तेवीस फोटो पाठवतोय, वरून खालून सगळीकडून. काकांना दाखव. त्यांना आजोबांनी थोडं तरी शिकवलं होतं ना, वळणावरचा तो दगड कसा घडवायचा ते त्यांना सांगता येतंय का विचार, आणि ते बोलायला लागले की मोबाईलवर रेकॉर्ड कर, विसरू नकोस.

तुझा,
बाळ्या